कॉन्टेसा विकणे आहे

जालन्यात दर नसलेली वस्तू सापडणं अवघड. बाजार समितीत मोसंबीला दर निघतो, सोयाबीनला निघतो, २०१८ पासून तर रेशमाच्या कोषांनाही निघतो. एमआयडीसीत सळईचा दर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. टपरीवर दोन माणसं भेटली की रामराम नंतर, आधी ‘सळई काय म्हणती?’ अशा या गावात एक वस्तू गेली कैक वर्षं विकायला उभी आहे आणि तिचा दर कुणालाच सांगता येत नाही. मालकाला तर नाहीच नाही. ती वस्तू म्हणजे पांढरी कॉन्टेसा, आणि मालक म्हणजे अप्पा.

अप्पा हे नाव आपलं सोयीसाठी. असा माणूस प्रत्येक तालुक्याला एक तरी असतो. कुणाकडे राजदूत असते, कुणाकडे विलीज जीप, कुणाकडे नुसताच रोडटच प्लॉट. खूण एकच: माल कायम विकायला काढलेला आणि मालक कायम गिऱ्हाइकावर नाराज.

अप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली आणि पुढे हे गाव बियाण्यांचंच झालं. त्या लाटेत अप्पांनी उभी हयात पिशव्या विकल्या. शेतकरी एक वाण विचारायला यायचा आणि दुसराच वाण, दोन औषधं आणि एक फवारणी पंप घेऊन जायचा. वर ‘अप्पांनी वाचवलं’ म्हणायचा. तेव्हा अप्पांना विकता येत नाही असं कुणी म्हणू नये. पुढे मुलगा गल्ल्यावर बसला, त्याने दुकानात संगणक आणला, आणि अप्पांना कळलं की आता आपल्याला कुणी काही विचारत नाही. थेट जाऊन त्यांनी ही गाडी घेतली.

गाडी मुळात कुणाची, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. समोर शेतकरी असला तर साखर कारखान्याच्या चेअरमनची. सरकारी नोकर असला तर मंत्रालयातल्या सचिवाची. पोरं असली तर एका नटाची, ‘नाव घेत नाही, उगाच कशाला!’ आरसी बुकावर गावातल्याच एका जिनिंगच्या भागीदाराचं नाव आहे, पण बुक दाखवताना अप्पांचा अंगठा बरोबर त्या ओळीवर असतो.

गाडीची कुंडली मात्र अस्सल आणि अप्पांना तोंडपाठ. इंग्लंडात व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टर होती, तिचीच पुढची पिढी व्हीएक्स. १९७८ साली तिकडे ती बंद झाली. तिची यंत्रसामग्री हिंदुस्तान मोटर्सने विकत घेतली, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला आणली, आणि १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आली. नाक लांब, पाठ रुंद, समोर चार गोल दिवे. आत इंजिन मात्र अँबेसेडरचंच, दीड लिटरचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. देह पैलवानाचा आणि श्वास कारकुनाचा. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसलं, पाच गिअर आले, ताकद ८८ वर गेली, तेव्हा कुठे अंगाला शोभेल असा दम आला. मग मारुतीच्या लहान गाड्यांनी रस्ते भरले, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली.

हे सगळं सांगून झालं की अप्पा चष्मा काढतात. म्हणजे आता सवाल.

“व्हॉक्सहॉल तेव्हा कुणाची?”

गिऱ्हाईक गप्प.

“जनरल मोटर्सची. १९२५ पासून. आणि जनरल मोटर्स कुठली? डेट्रॉइटची. मग ही कोण झाली?”

गिऱ्हाईक आणखी गप्प.

“अमेरिकन!”

हे अमेरिकेचं खूळ पुतण्याने डोक्यात भरवलं. तो डेट्रॉइटजवळ नोकरीला. तिथे वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या मोटारींची जत्रा भरते. पुतण्याने तिथले फोटो पाठवले. त्यात एक १९६९ ची डॉज चार्जर, लालभडक, नव्यासारखी केलेली, आणि काचेआड कागद: विकणे आहे. अप्पांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि दुकानात, लक्ष्मीच्या तसबिरीपासून थोड्या अंतरावर लावला.

पुतण्याने फोनवर मसल कारची शिकवणी घेतली. साधी, मधल्या अंगाची गाडी घ्यायची आणि तिच्यात आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन ठासायचं, की झाली मसल कार. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओने ही हवा केली, त्याच वर्षी फोर्डची मस्टँगही आली. आठ-नऊ वर्षं नुसती धमाल. मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं आणि खेळ संपला. त्या लाल चार्जरचं इंजिन होतं ७.२ लिटरचं आणि ताकद ३७५ हॉर्सपॉवर.

३७५ आणि ८८. अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “त्यांची मोजायची रीत खोटी असंल.”

आता गंमत अशी, की हे अगदीच खोटं निघालं नाही. पुतण्याने सांगितलं की १९७२ च्या आधी अमेरिकेत इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून ताकद मोजायचे. पंखा, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर यांचं ओझं न लावता. नंतर सगळं लावून मोजायला लागले आणि आकडे एकदम खाली आले. अप्पांना एवढंच पाहिजे होतं. “म्हणजे उघड्या अंगानं मोजायचे! आपली अंगावर सगळं घालून ८८ आहे, सर.” फरक निम्म्याहून जास्त राहतोच, हे मी बोललो नाही. अप्पांच्या घरच्यांनी, म्हणजे काकूंनी, नुकताच चहा आणून ठेवला होता.

गाडी नव्यासारखी करायचं काम भोकरदन नाक्याकडच्या एका गॅरेजात झालं. मिस्त्री चाचांनी गालिचा उचलला तेव्हा खालून थेट जमीन दिसली. डिकीचा तळ गेलेला, चाकांच्या कमानी गंजून चाळण झालेल्या. चाचा म्हणाले, “सेठ, गाडी में पत्रा कम, कलर ज्यादा है।” सडका पत्रा कापला, नवा ठोकून वेल्डिंग केला, वर लांबी भरली, मग वॉटर पेपरने घासणं. घासायला पाणी लागतं, आणि शहरात नळ येतो तो आठवड्या-पंधरवड्याने. त्यामुळे मोटारीचं घासकाम नळाच्या वेळापत्रकावर चाललं. काकू सांगतात, २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांच्या मोसंबीच्या बागा पाण्यावाचून जळाल्या, तेव्हासुद्धा हे भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून ठेवायचे आणि फडकं ओलं करून बोनेट पुसायचे. बोनेटला उष्टं चालत नाही म्हणून खरकटं गाळून घ्यायचे, स्वतःच्या धोतरातून.

मागचे दिवे कुठेच मिळेनात. शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारात एक जोडी सापडली. अप्पांनी त्यातूनही अमेरिका काढली. कुर्ल्यात वालचंद हिराचंदांचा प्रीमियरचा कारखाना होता. ते सोलापूरचे. त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून तिथे डॉज, प्लिमथ जुळवायला सुरुवात झाली. “म्हणजे माझ्या गाडीचे दिवे डॉजच्या माहेरचे,” अप्पा म्हणतात. दिवे कॉन्टेसाचेच आहेत. पण माहेर ते माहेर.

सगळं झाल्यावर पुतण्याच्या फोटोतल्या कागदाबरहुकूम अप्पांनी पाटी रंगवून घेतली: ‘अमेरिकन मसल कार (भारतीय). रिस्टोर्ड. नंबर मॅचिंग. विकणे आहे. फालतू चौकशी करू नये.’ नंबर मॅचिंग म्हणजे कारखान्यात ज्या चॅसिसवर जे इंजिन बसलं तेच अजून आहे. अमेरिकेत त्याला वेगळे पैसे मिळतात. आपल्याकडे इंजिन आणि चॅसिसचे नंबर बुकाशी जुळले नाहीत तर जुळवायला पोलीस येतात. अप्पांना मात्र या दोन शब्दांनी जे सुख दिलं ते दुकानाच्या कुठल्याही परवान्याने दिलं नव्हतं.

पाटी लागली आणि गिऱ्हाइकं यायला लागली.

पहिला आला तो भंगारवाला. यात त्याची चूक नाही. जालन्यातल्या भट्ट्या भंगार खातात. आख्ख्या मुलखाची मोडकी मोटार, फुटकं लोखंडी भांडं, तुटका नांगर इथे येतो, वितळतो, त्याचा बिलेट होतो, बिलेटची सळई होते आणि ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. इथला माणूस लोखंडाची कुठलीही वस्तू बघतो तेव्हा त्याला ती वस्तू दिसत नाही, वजन दिसतं. त्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, “बाराशे किलो. काच, रबर, गाद्या वजा करून हजार धरा. बारा एमएमच्या नव्वद सळया आरामात निघतील.”

अप्पांनी त्याला पाणीही विचारलं नाही. पण काकू घरात गेल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “नव्वद खरंच निघतील का हो?” मी हिशेब केला. बारा एमएमची बारा मीटरची सळई साधारण साडेदहा-पावणेअकरा किलो भरते. निघतात. अप्पांना ते आवडलं नाही असं नाही. आता ते गिऱ्हाइकाला सांगतात, “नुसतं लोखंड म्हटलं तरी नव्वद सळयांचा माल आहे. आजकालच्या गाड्यांत वीस निघणार नाहीत.”

दुसरी जात सल्ला देणाऱ्यांची. यांना गाडी घ्यायची नसते, अप्पांचं भलं करायचं असतं. आरटीओसमोर बसणाऱ्या एका एजंटाने असंच भलं केलं. गाडी १९९१ ची. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायला १ एप्रिल २०२२ पासून सहाशेच्या जागी पाच हजार लागायला लागले. एजंट म्हणाला, “अप्पा, विंटेजमध्ये टाका. जुलै २०२१ ला नियम निघालाय. वीस हजार भरा, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. इज्जतच वेगळी.” अप्पा हरखले. वही काढली. मग एजंटाने पुढचं वाचलं: गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, आणि रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच.

“पन्नास म्हणजे २०४१,” मी म्हणालो.

“थांबू की!” अप्पा म्हणाले. तेव्हा अप्पा नव्वदीला टेकलेले असतील. पण त्यांनी ज्या चेहऱ्याने ‘थांबू की’ म्हटलं, तो विकायला बसलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. एजंटाच्याही ते लक्षात आलं. त्याने पाच हजारांचा फॉर्म पुढे सरकवला.

तिसरी जात खऱ्या गिऱ्हाइकांची, आणि अप्पांचा खरा राग यांच्यावर.

गिऱ्हाईक विचारतं, “किंमत काय?” अप्पा म्हणतात, “तुम्ही काय धरून आलात?” गिऱ्हाईक म्हणालं दोन लाख, तर अप्पा काकूंना हाक मारतात, “अगं, चहा राहू दे.” म्हणालं चार, तर चहा येतो आणि अप्पांना उमगतं की गाडी सहाची आहे. एकाने सहा म्हटलं. अप्पा रात्रभर जागे. ‘ज्याने न कुरकुरता सहा म्हटलं त्याला नऊची दिसली असणार.’ किंमत विचारली की ते मस्टँगचं उदाहरण देतात. फोर्डने २०१६ मध्ये भारतात मस्टँग आणली ती पासष्ट लाखांना. “आणि ती नवी होती,” अप्पा बोट वर करून सांगतात. “नवी पासष्टला, तर जुनी कितीला? तुम्हीच सांगा. जुन्या मालाला किंमत जास्त का कमी?” आयुष्यभर बियाण्यांच्या पिशव्यांवरची मुदत बघून माल काढून टाकणारा माणूस हे विचारतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याला शब्द सापडत नाही.

ट्रायलचंही शास्त्र आहे. गाडी चालवणार अप्पा. गिऱ्हाइकाने शेजारी बसायचं, पाय पुसून. आधी चोक ओढायचा, मग मनातल्या मनात राजूरच्या गणपतीचं नाव, मग सेल्फ. पहिल्यांदा घशातल्या घशात काहीतरी होतं. दुसऱ्यांदा शेजारच्या गच्चीवरून आवाज येतो, “थांबा हो, पापड उचलते!” तिसऱ्यांदा गाडी सुरू होते आणि पापड ज्यांनी उचलले नाहीत त्यांना ते पुन्हा लाटावे लागतात. मग बडी सडक, गांधी चमन, मामा चौक, मोती तलाव आणि परत. वेग चाळीस. एका उतावळ्या पोराने सुचवलं, “काका, समृद्धीवर घ्या ना. एकशेवीसची परवानगी आहे. मसल कार म्हणता, तर पळवून बघू.”

अप्पांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. “समृद्धीवर गाडी पळते, दिसत नाही. मामा चौकात दिसते.” आणि त्या पोराला मामा चौकातच उतरवलं.

या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कुणी गाडी घेईल ही अप्पांना भीती आहेच, पण कुणी विचारायला येणार नाही ही भीती तिच्याहून मोठी आहे. दुकानात माणसं यायची ती पिशवीवरचं नाव वाचायला. इथे माणसं येतात, खुर्चीवर बसतात, आणि दोन तास अप्पा सांगतील ते ऐकतात. कारण माल अप्पांचा आहे आणि किंमत अजून फुटलेली नाही. किंमत फुटली की ऐकणं संपतं, हे त्यांना मोंढ्यात आयुष्य काढून चांगलं ठाऊक आहे. उद्या गाडी गेली तर परवा सकाळी दारात कोण उभं राहील? पेपरवाला, तोही बिलासाठी. २०२२ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा हे नावच दुसऱ्या कंपनीला देण्याचा करार केल्याची बातमी आली, तेव्हा मी सहज विचारलं, “अप्पा, कंपनीला नुसत्या नावाचं गिऱ्हाईक मिळालं, तुम्हाला आख्ख्या गाडीचं मिळत नाही?” अप्पा म्हणाले, “त्यांनी पाटी नीट लिहिली नसंल. फालतू चौकशी झाली असंल.”

मग पुण्याच्या मुलाचा फोन आला. आयटीतला. मुलाने, म्हणजे अप्पांच्या मुलाने, फोटो कुठेतरी टाकले होते आणि खाली बापाला न विचारता आकडा लिहिला होता: पाच लाख ऐंशी हजार. पुण्याचा म्हणाला, “काका, किंमत मान्य आहे. बयाणा पाठवू?” आणि अप्पा ‘थांबा’ म्हणेपर्यंत मुलाच्या फोनवर अकरा हजार रुपये येऊन पडलेसुद्धा.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. अप्पांनी स्वतः फोन लावला.

“गाडी पाहिली नाही तुम्ही?”

“फोटो पाहिले ना काका.”

“इंजिन कुठलं आहे विचारलं नाही.”

“कुठलंही चालेल.”

“इसुझू आहे.”

“हो का? मस्त.”

“अँबेसेडरचं असतं तर?”

“तरी चाललं असतं काका. लग्नात फोटोसाठी हवीय.”

अप्पांनी फोन ठेवला आणि मुलाला म्हणाले, “पैसे परत पाठव. ज्याला काहीही चालतं, त्याला माझी गाडी चालणार नाही.” मुलगा म्हणाला, “अप्पा, पाच ऐंशी!” अप्पा म्हणाले, “त्याला भाड्याने घोडा मिळतो म्हणावं. ३७५ सांग.”

आणि मग, एका रविवारी, परभणीहून एक गृहस्थ आले. सफारी, हातात कापडी पिशवी, वय अप्पांच्याच जोडीचं. नमस्कार केला आणि किंमत विचारली नाही. गाडीभोवती फिरले. वाकले. बोटाच्या पेराने पत्रा वाजवत वाजवत पुढे सरकले. टण्, टण्, टण्, आणि मागच्या डाव्या चाकापाशी आवाज बसका झाला.

“इथं लांबी जाड आहे,” ते म्हणाले. “कमान हातानं केलेली. पण काम बरंय.”

अप्पांचा चेहरा असा झाला, की चोर पकडला गेलाय आणि चोराला आनंद झालाय. आजवर त्या कमानीकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्यांनी स्वतः बोनेट उघडलं, जे ते गिऱ्हाइकासाठी कधी उघडत नाहीत. दोघं आत डोकं घालून उभे राहिले. कार्बोरेटरवर अर्धा तास, काचांच्या रबराच्या बीडिंगवर पाऊण तास. काकूंनी चहा तीनदा आणला. जेवायची वेळ झाली, जेवण झालं. व्हॉक्सहॉल कुणाची हा सवाल अप्पांनी अर्धाच विचारला आणि परभणीकरांनी सन सांगून टाकला. अप्पा विरघळले. मला वाटलं, झालं, गेली गाडी.

निघताना अप्पांनीच विषय काढला. “मग? काय धरून आलात?”

परभणीकर चपला घालता घालता थांबले. “मला घ्यायची नाही हो. माझ्याकडं आहे ना एक, निळी. विकायलाच काढलीय. पण तिकडं कुणाला दर सांगता येईना. म्हटलं, जालन्याला एक उभी आहे, दर तरी कळंल.”

अप्पांनी दर सांगितला नाही. परभणीकरांनीही सांगितला नाही. दोघांनी एकमेकांचे हात मात्र बराच वेळ धरून ठेवले.

पुढच्या आठवड्यात अप्पा परभणीला गेले, ‘दर बघायला’. तीन दिवसांनी, ऐन बाजाराच्या दिवशी, अंबड चौफुलीकडून एक टेम्पो हळूहळू येताना दिसला. मागे टोचन लावलेली निळी कॉन्टेसा, आणि तिच्या स्टिअरिंगवर, मान ताठ करून, अप्पा. टेम्पो गल्लीत वळला, गल्लीत दुसरं वाहन शिरायची सोय संपली.

काकू दारात आल्या. “अहो, गाडी विकायची होती ना?”

“विकायचीच आहे,” अप्पा उतरत म्हणाले. “पण सुटी कोण घेतं? जोडीला गिऱ्हाईक असतं.” दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला आणि पाटीवर ‘विकणे आहे’चं ‘विकणे आहेत’ झालं.

पंधरा दिवसांत परभणीकर दारात हजर. रेल्वेने आलेले, पिशवीत पैसे. घरी करमत नाही म्हणाले. अंगण मोकळं दिसतं, कुणी येत नाही, कुणी विचारत नाही. “अप्पा, माझी मला परत द्या.” हे गिऱ्हाईक परत फिरवायला तर कुठे जागाच नव्हती: गाडीची माहिती त्याला, गाडीची माया त्याला, आणि पैसे रोख. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी सवयीने विचारलं, “काय धरून आलात?” परभणीकरांनी आपण घेतलेल्या किमतीवर वीस हजार चढवून सांगितले. अप्पा विचारात पडले. ज्याची स्वतःची गाडी तोच चढवून मागतो, म्हणजे मालात नक्कीच काहीतरी असणार. म्हणाले, “बघू. पुढच्या रविवारी या.”

ते पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही. आता दर रविवारी सकाळच्या गाडीने येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. मध्ये कुणी गिऱ्हाईक आलंच तर निळीची माहिती परभणीकर सांगतात, पांढरीची अप्पा, आणि गिऱ्हाईक किंमत न विचारता निघून जातं. परवा गेलो तेव्हा दोघं बोनेटमध्ये डोकं घालून उभे होते. काकू चहाचं मोठं पातेलं चुलीवर चढवत होत्या. मी म्हटलं, “काकू, एखादं चांगलं गिऱ्हाईक सांगू का? शिर्डीकडचं आहे, दोन्ही गाड्या घेईल.”

काकूंनी अंगणाकडे बघितलं. म्हणाल्या, “गाड्यांचं राहू द्या, सर. हे दोघं कुणी नेतं का बघा. दर काही नाही. जोडी आहे म्हणून सांगा.”